पहिल्या वर्गाचं बकरं

बकरं सकाळपासून दारात बांधलेलं होतं आणि निकाल अजून लागायचा होता. इतर घरांत आधी निकाल लागतो, मग बकरं येतं. पण मायाप्पाच्या घरात कुठली गोष्ट रीतीनं झाली होती, म्हणून ही व्हावी?

खरं तर दोष अमावस्येचा. दहावीचा निकाल आदल्या आठवड्यात लागायचा होता. त्या भरवशावर मायाप्पानं करकंबपासून मैंदर्गीपर्यंत सगळ्या सोयऱ्यांना आवतण देऊन टाकलं, की अमावस्येला बिरोबाचं बकरं आहे, जेवायला या. मग निकाल पुढं गेला आणि नेमका अमावस्येच्याच दिवशी येऊन बसला. सरकारला निकाल पुढं ढकलता येतो, अमावस्या कुणाला ढकलता येत नाही. तेव्हा सोलापुरातल्या कुमठा नाक्यावरच्या त्या पत्र्याच्या घरापुढं मांडव पडला होता, मांडवात पन्नास-साठ पाहुणे घोंगड्या अंथरून बसले होते आणि मायाप्पा पोराला अन् पुतणीला घेऊन शाळेत निकाल आणायला गेला होता.

केराबाई चुलीपुढं मसाल्याचं खोबरं भाजत होती, पण डोळे रस्त्याकडं. नवस तिनं बोललेला होता. लोकरीच्या व्यापाऱ्याची बायको ती, उभा जन्म लोकरीची प्रतवारी लावण्यात गेलेला, म्हणून देवाशीही तिनं प्रत ठरवूनच बोलणी केली होती. "बिरूबा, माझ्या जोतीरामाला पैला वर्ग मिळू दे, काळं बकरं देते न् त्येला कालेजात घालते. दुसरा वर्ग मिळाला तर कोंबडा. नुसताच पास झाला तर नारळ." नापास झाला तर काय, हे ती बोलली नव्हती. देवाला नको त्या गोष्टी आपणहून सुचवू नयेत.

जोतीराम डॉक्टर होणार हे तो तीन वर्षांचा असतानाच ठरलं होतं. त्या साली एका मेंढ्यानं ढुशी देऊन मायाप्पाला आडवा केला होता. दवाखान्यात त्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी डॉक्टरनं त्याच्या गुडघ्याकडं न बघताच गोळ्या दिल्या. मायाप्पा लंगडत घरी आला तो पण करूनच, की माझा पोरगा डाक्टर होणार आणि त्या बाकाच्या पलीकडच्या खुर्चीत बसणार. तेव्हापासून सगळी आळी जोत्याला डाक्टर म्हणे. दहावीला पहिल्यांदाच बोर्डाची परीक्षा ठेवून सरकारनं अकरावी मोडीत काढली, तेव्हा मायाप्पानं चावडीवर सांगितलं होतं, "सरकारला बी आमच्या डाक्टराची घाई झालीया!"

जोत्याला मात्र या बाबतीत कुणी काही विचारलं नव्हतं. आणि चंद्रव्वाला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. ती केराबाईच्या धाकट्या दिराची, बिरप्पाची पोर. तिला जोत्याच्याच वर्गात घातलं होतं ते एवढ्यासाठी, की जोत्या शाळेतच पोचतो की वाटेत मोटार स्टँडवर रेंगाळतो, हे घरी कळावं. शिकवणीच्या मास्तरांसमोर जोत्या पेंगायचा, आणि त्याला कोपरानं ढोसून जागं ठेवायला शेजारी चंद्रव्वा बसायची. ती तिथं बसून ऐकतही असेल, असं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आलं की डाक्टर!" मांडवातून कुणीतरी ओरडलं.

केराबाई पदर सावरत उठली. मायाप्पा पुढं चालत होता, पण फेटा हातात होता. त्याच्यामागं जोतीराम, मान खाली. आणि सगळ्यात मागं चंद्रव्वा, जिचं तोंड असं घट्ट मिटलेलं होतं की आतलं हसू बाहेर सांडू नये म्हणून तिनं ओठांना कुलूप घातलंय की काय असं वाटावं.

"पास हाय," मायाप्पा म्हणाला आणि घोंगडीवर बसला.

"कंच्या वर्गात?" केराबाईनं विचारलं.

"पास म्हंजे पास. वर्ग काय घिऊन बसलीस?"

"अवो, नवसाचं इचारत्ये मी. कंचा वर्ग?"

जोत्यानंच सांगितलं. "अडतीस टक्के, आये. वर्ग-बिर्ग कायबी न्हाय."

पाहुण्यांपैकी ज्यांना नवसाची कलमं तोंडपाठ होती त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. नुसता पास म्हणजे नारळ. साठ माणसांत एक नारळ.

"आणि चंद्री?" हा प्रश्न बजाबाईचा. बजाबाई मायाप्पाची बहीण, माहेरी आली की तीन दिवस राहणार आणि तीन महिने पुरेल एवढं बोलून जाणार.

"तिला पैला वर्ग हाय," जोत्या एकदम उजळून म्हणाला. "सहासष्ट टक्के! गणितात तर मास्तर म्हनले..."

"तू गप," मायाप्पा म्हणाला.

धाकटी जाऊ सुंदरम्मा भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. "अय्यो शिवने!" एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापू लागली. ती भाकरी मात्र कडेनं फाटली. मैंदर्गीहून या घरात सून होऊन आल्यापासून तिची पहिलीच भाकरी अशी फाटली असेल.

केराबाईला खरं सांगायचं तर रडू येत होतं. पोर पास झालं याचा आनंद कुठं ठेवावा ते तिला कळेना, कारण त्याच्या जागेवर बारा वर्षांची डॉक्टरकी आधीच बसलेली होती.

तिचा भाऊ हिंदुराव, करकंबचा, पोटानं आणि आवाजानं सारखाच भरलेला, तो गळा खाकरून उभा राहिला. "असूं दे की आक्का. पास तर झाला भाचा. आता उगं उशीर कशापायी? बकरं हाय, मसाला हाय, पाव्हणं हायेत. लावा सुरी."

"तसं न्हाय जमत," ईरप्पा पुजारी म्हणाला. सुपारी चघळत तो मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. "ह्ये बकरं पैल्या वर्गाच्या नावानं सोडल्यालं हाय. भंडारा लागलाय त्येला. पैला वर्ग न्हाय, तर बकरं कापायचं न्हाय."

"मग काय करायचं त्येचं?"

"मोकळं सोडायचं. देवाचं हाय त्ये. खाईल, पिईल, हिंडंल."

मांडवात आता खरी खळबळ माजली. पहाटेच्या एस.टी.नं उपाशीपोटी आलेली माणसं होती ती. भाजल्या खोबऱ्याचा वास नाकात शिरला होता. बकऱ्यानं मात्र जोत्यासाठी आणलेला झेंडूचा हार खुंटीवरून ओढून घेतला आणि शांतपणे खायला सुरुवात केली.

"काय बाई तुमी समदी!" बजाबाई कडाडली. "पैला वर्ग न्हाय, पैला वर्ग न्हाय करताय. घरात आलाय की पैला वर्ग! ह्यो काय, हितं हुबा हाय दोन येण्या घालून!"

साठ माना एकदम चंद्रव्वाकडं वळल्या. तोवर या पोरीकडं कुणी पाणी मागण्याव्यतिरिक्त बघितलं नव्हतं.

"व्हय की," एक पाहुणा म्हणाला. "सहासष्ट म्हंजे लईच झालं," दुसरा म्हणाला. "पोरगी पैल्यापासनंच हुशार, मी म्हनलं व्हतं," असं तिसऱ्यानं सांगितलं, ज्यानं तिला आज पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"चालतंय का वो पुजारी?"

ईरप्पानं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "एका चुलीवर जेवणारं लेकरू असंल तर चालतंय. पर नवस जिनं बोलला तिनं नाव बदलावं. दुसऱ्या कुणाला त्यो हक्क न्हाय. आन् नवस समदा फेडायचा. बकरं बी, कालेज बी. अर्धा नवस देव घेत न्हाय."

इथं हिंदुरावाची गोची झाली. तो आज नुसता मटण खायला आला नव्हता. त्याला आपल्या पोरासाठी, रावजीसाठी, चंद्रव्वाला मागणी घालायची होती. जेवणं झाली, सुपारी फुटली, की बिरप्पाच्या खांद्यावर हात टाकून विषय काढायचा, असं तो घरून ठरवून निघाला होता. आता पोरगी कॉलेजात गेली तर रावजीचं काय? आणि नाही गेली तर बकऱ्याचं काय?

"बकरं कापू की," तो चाचरत म्हणाला. "कालेजाचं मागनं बघू."

"अर्धा नवस देव घेत न्हाय," ईरप्पानं तोच सूर लावला.

"पोरीच्या जातीला कालेज कशाला पण? आमच्या रावजीला म्याच..." इथं चुलीवरच्या मसाल्यात तेल पडलं. चर्र आवाज झाला आणि वास थेट हिंदुरावाच्या मिशीत शिरला. त्यानं डोळे मिटले. "अन् तसं बघाया गेलं तर," तो अगदी सावकाश म्हणाला, "शिकल्याली सून कुणाला नगं असती? शिकू दे. रावजी थांबंल."

"मी न्हाय म्हनलं तर?" चंद्रव्वा म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली आणि सगळे दचकले.

"तर बी शिकू दे," हिंदुराव म्हणाला. त्याचं सगळं लक्ष आता चुलीकडं होतं.

मायाप्पा उठला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. "माझ्या पोराच्या नवसाचं बकरं हाय त्ये. आज पुतणीच्या नावानं कापलं तर उद्या आळीत मी तोंड कुटं दाखवू? वर्ग-बिर्ग मास्तर देत्यात. देवाला इचारा. देवानं मानलं तर समदं मानलं. व्हय का न्हाय, पुजारी?"

"बकऱ्यानं अंग झाडलं, तर माझी ना न्हाय," ईरप्पा म्हणाला.

रीत अशीच होती. बकऱ्याच्या अंगावर नाव घेऊन पाणी शिंपडायचं. त्यानं थरथरून अंग झाडलं की देवानं स्वीकारलं. ईरप्पानं बकरं मांडवात आणलं. त्याच्या एका बाजूला जोतीराम उभा राहिला, दुसऱ्या बाजूला चंद्रव्वा. मायाप्पानं पोराचं नाव घेऊन पाणी शिंपडलं. बकरं झेंडू चघळत त्याच्याकडं बघत राहिलं. त्यानं आणखी शिंपडलं. बकऱ्यानं शेपटीसुद्धा हलवली नाही.

"पोरीच्या नावानं बघा," पाहुण्यांतून घाईघाईनं आवाज आला. ईरप्पानं चंद्रव्वाचं नाव घेऊन पाणी शिंपडलं. बकरं तसंच. पाहुण्यांचे चेहरे पडले. आता देवानं दोघांनाही नापास केलं असेल तर मात्र कठीण होतं.

"शेवटचं पाणी बोलणारीचं," ईरप्पा म्हणाला आणि त्यानं तांब्या केराबाईच्या हातात दिला. "बाई, नाव घिऊन घाल. ह्येच्यापुढं पाणी न्हाय."

मायाप्पा तिच्या कानाशी आला. "कानात घाल," तो पुटपुटला. "तुला ठावं हाय. जोत्याचं नाव घे न् कानात घाल."

केराबाईला ठाऊक होतंच. धनगराच्या लेकीला हे शिकवावं लागत नाही. पाठीवर घातलेलं पाणी केसांवरून निथळून जातं, पण कानात एक थेंब गेला की बकरं अंग झाडल्याशिवाय राहत नाही. तिच्या बापानं आयुष्यभर देवाला अशीच मदत केली होती. एक थेंब, आणि तिचा जोत्या पुन्हा डाक्टर. कॉलेज, खुर्ची, बाकाची पलीकडली बाजू, सगळं तिच्या तांब्यात होतं.

तिनं जोत्याकडं बघितलं. तो तिच्याकडं बघत नव्हता, बकऱ्याकडं बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. बाकीच्यांना वाटलं पोर देवाचं नाव घेतंय. पण ती त्याची आई होती. तो बकऱ्याला विनवत होता, की हलू नको. मरण समोर असून बकरं जेवढं भ्यालं नव्हतं, तेवढं तिचं पोर भ्यालेलं होतं.

"जोत्या," ती मोठ्यानं म्हणाली, "तुला व्हायचंय का रं डाक्टर?"

"आता ह्ये काय इचारणं झालं?" मायाप्पा म्हणाला.

"तुमी थांबा. बारा वर्सं झाली, एकदाबी इचारलं न्हाय त्येला. सांग जोत्या."

जोत्यानं बापाकडं बघितलं, मग आईकडं. "न्हाय, आये." आणि जरा थांबून, "रगात बघितलं की मला घेरी येती."

कुणीतरी हसलं. बजाबाईनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"आन् चंद्रे, तुला? तुला काय व्हायचंय?"

चंद्रव्वा एक पाऊल पुढं आली. "डाक्टर."

मांडवात कुजबुज झाली.

"पर माणसांची न्हाय, थोरली आई," ती घाईनं म्हणाली. "मेंढरांची."

आता मात्र मांडव खदखदून हसला. "मेंढरांची डाक्टर! बाईमाणूस!" हिंदुराव पोट धरून म्हणाला. पण केराबाई हसली नाही. दुष्काळाच्या साली कळपाला हगवण लागली होती, शेरडं-मेंढरं पटापट पडत होती, आणि सगळे डोक्याला हात लावून बसले असताना ही एवढीशी पोर कोकरा-करडांच्या तोंडात चिंधीनं पेज पिळत बसली होती. तेव्हा केराबाईच तिच्यावर ओरडली होती, की उठ, शाळेची येळ झाली, जोत्या एकटाच जाईल. ती उठली नव्हती. पाच पिल्लं जगली, त्यातल्याच एका करडीचं हे काळं बकरं.

"बेडा अक्का, बेडा. नगं असलं," सुंदरम्मा मागून हळूच म्हणाली. तिला भीती वाटली, की थोरल्या जावेनं स्वतःच्या पोराचा नवस आपल्या पोरीला दिला, तर उद्या या एका चुलीच्या दोन चुली होतील. तिचा नवरा बिरप्पा, गिरणीत रात्रपाळी करून आलेला आणि कोपऱ्यात पेंगत बसलेला, तोही आता मान हलवून म्हणाला, "वैनी, तुमी म्हनाल तसं. आमचं कायबी मागणं न्हाय."

"तेच तर चुकलं तुमचं," केराबाई म्हणाली. "मागितलं असतं तर आधीच दिलं असतं. आन् भूक एकाची, ताट दुसऱ्याफुडं, असं करून कुणाचं पोट भरलंय का?"

तिनं डोळे मिटले. ज्या पोरासाठी उपास केले, त्याचं नाव ओठावर आलं होतं, ते तिनं परत आत ढकललं. "बिरूबा," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "ह्यो नवस माझ्या चंद्रव्वाचा. बकरं घे, तिला कालेजात घालते." आणि आशीर्वादाला हात ठेवावा तसा बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून तिनं तांब्या असा काही कलता केला, की बरोबर कानात.

बकऱ्यानं अंग झाडलं. नुसतं झाडलं नाही, पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना आंघोळ घातली. हिंदुरावाच्या कोऱ्या धोतरावर शिंतोडे उडाले आणि त्यानंच सगळ्यात आधी आरोळी ठोकली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

मायाप्पा तेवढा बायकोकडं बघत राहिला. त्यानं पाणी कुठं पडलं ते पाहिलं होतं. सुंदरम्मानंही पाहिलं होतं. मायाप्पानं फेटा उचलून डोक्याला गुंडाळला. सुंदरम्मानं पदर डोळ्याला लावला, धूर लई झालाय म्हणाली.

जेवणं उन्हं कलल्यावर झाली. मायाप्पा पहिली पंगत होईपर्यंत रुसून बसला आणि दुसऱ्या पंगतीला त्यानं दोनदा रस्सा मागितला. मग शेजारच्या पाहुण्याशी चाललेलं त्याचं बोलणं केराबाईच्या कानावर आलं. "डाक्टर ती डाक्टरच की वो. आन् माणसांच्या डाक्टरला रोगी सांगतो तरी कुटं दुखतंय. मेंढरू सांगतंय का? लई अवघड इद्या हाय ती." केराबाईनं कपाळाला हात लावला. पण तिला बरं वाटलं.

काळजाचा तुकडा नवसाच्या लेकराचा. दर वेळी तो आपोआप जोत्याच्या ताटात पडायचा. आज केराबाईनं तो चंद्रव्वाच्या ताटात वाढला. चंद्रव्वानं त्याचे दोन भाग केले आणि एक शेजारी बसलेल्या जोत्याच्या ताटात टाकला. शिकवणीला त्याला ढोसायची ना, तसंच कोपरानं ढोसून म्हणाली, "खा."

पाहुणे सुपारी चघळायला बसले, तेव्हा जोत्या चुलीजवळ आईला खेटून बसला. तो काडीनं विस्तव उकरू लागला.

"आये, तू चिडलीस?"

"चिडलेली न्हाय. बारा वर्सांचं डोक्यावरचं वझं उतरलंय, म्हनून मान दुखतीया. तू सांग आता. डाक्टर न्हाय, तर काय?"

"हसशील."

"घेरी येणाऱ्या डाक्टरला हसली न्हाय, तर आता काय हसणार?"

"एस.टी.चा डायवर," जोत्या काडीकडं बघत म्हणाला. "सोलापूर-अक्कलकोट-वागदरी. स्टँडवरचे समदे डायवर वळखत्यात मला. वागदरीच्या वळणावर गेर कुटं टाकायचा त्ये मला आतापासनं ठावं हाय."

म्हणजे शाळेत जायच्या ऐवजी पोरगा जात होता तो इथं. केराबाई हसली नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदर डोक्यावर घेतला आणि देवघराकडं तोंड करून हात जोडले. "बिरूबा, माझ्या जोत्याला डायवरचं लायसन..."

मग ती थांबली. हात जोडलेलेच ठेवून तिनं मान वळवली.

"जोत्या, नक्की ना रं? नवस बोलायच्या आधी इचारत्ये."

"नक्की, आये."

"मिळू दे. कोंबडा देते."